आजीचा स्वर दुरुस्त करावा काय?



दुधात मिसळलेले पाणी वेगळे करणारा हंस कोणी पाहिलेला नाही. नीरक्षीरविवेक हा शब्द आपण भाषणात वापरतो, मुले निबंधात लिहितात. परंतु तो हंस कवींच्या कल्पनेतला आहे. ध्वनीच्या बाबतीत मात्र असा हंस माणसाने खरोखरच तयार केला आहे. एखाद्या ध्वनिमुद्रणात गायकाचा गळा, पेटी, ढोलकी, टाळ आणि मागे साथ धरणाऱ्यांचे आवाज असे सगळे एकजीव झालेले असते. आज संगणकावरील सॉफ्टवेअर त्या एकजीव ध्वनीतून एकेक आवाज, इतकेच नव्हे तर एकेक स्वर वेगळा काढू शकते. वेगळा काढलेला स्वर वर चढवता येतो, खाली उतरवता येतो, लांबवता येतो, आखूड करता येतो आणि वाटले तर पुसूनही टाकता येतो. पेटीवर एकाच वेळी तीन पट्ट्या दाबल्या गेल्या असतील आणि त्यांतली मधली चुकली असेल, तर बाकीच्या दोन तशाच ठेवून तेवढी एकच बदलता येते.

यात आपल्या जीवनाचा प्रश्न कोठे आला, असे आपण विचाराल. हे काम मुंबई-पुण्याच्या स्टुडिओतले. भंडारा जिल्ह्यातल्या शेतमजुराला, शिक्षकाला, विडी वळणाऱ्या बाईला त्याचे काय? परंतु ही गोष्ट आता स्टुडिओत राहिलेली नाही. ती लॅपटॉपवर आली, मोबाईलवर आली आणि आपल्या घरातल्या जुन्या कॅसेटींपर्यंत येऊन पोहोचली. म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे आणि तिच्याविषयी आपले मत विचारपूर्वक ठरवले पाहिजे.

प्रथम हे काम कसे होते ते पाहू. स्वर म्हणजे हवेचे कंपन. आपल्याकडील संगीताच्या पुस्तकांत हिशेबासाठी ‘सा’ची कंपने सेकंदाला २४० धरतात. परंतु ‘सा’ लावला की फक्त २४० कंपने होत नाहीत. त्याच्याबरोबर ४८०, ७२०, ९६० अशी पटीतली कंपनेही मंदपणे उमटतात. त्यांचे प्रमाण गळ्यात वेगळे, पेटीत वेगळे, बासरीत वेगळे. म्हणूनच डोळे मिटूनही आपण बासरी कोणती आणि पेटी कोणती ते ओळखतो. आता ‘प’ घ्या. त्याची कंपने ३६० आणि त्याच्या पटीतली ७२०, १०८०. म्हणजे ‘सा’ आणि ‘प’ एकदम वाजले तर ७२० चे कंपन दोघांकडूनही येते. मायक्रोफोनचा पडदा एकच असतो. त्याच्यावर दोन्ही कंपनांची बेरीज आदळते आणि टेपवर ती बेरीजच उमटते. त्या ७२० मधले ‘सा’चे किती आणि ‘प’चे किती, हे टेपवर कोठेही लिहिलेले नसते.

सॉफ्टवेअर हा हिशेब अंदाजाने सोडवते. कोणत्या पटीतली कंपने एकाच वेळी सुरू झाली, एकाच वेळी संपली, एकत्र डोलली, यावरून ती कोणत्या स्वराच्या कुटुंबातली असावीत हे ते ठरवते. अंदाज बहुधा इतका चांगला असतो की कानाला फरक कळत नाही. तरीही तो अंदाजच, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू या. तिचे पुढे काम पडणार आहे.

याचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील अँडी हिल्डेब्रँड हे जमिनीखालचे तेल शोधण्यासाठी भूगर्भातून परत येणाऱ्या लहरींचे गणित करीत असत. त्याच विद्येच्या बळावर त्यांनी १९९७ मध्ये ‘ऑटो-ट्यून’ आणले. एका गळ्याचा चुकलेला सूर जवळच्या ठरावीक सुरावर नेऊन बसवणे, हे त्याचे काम. दुसऱ्याच वर्षी शेर या गायिकेच्या गाण्यात ते मुद्दाम ऐकू येईल असे वापरले गेले आणि त्या यांत्रिक गळ्याची जगभर टूम निघाली. जर्मनीतील म्युनिक शहरच्या पीटर नॉयबेकर यांनी २००१ मध्ये ‘मेलोडाइन’ बाजारात आणले. दगडाचा आवाज कसा असेल, असा विलक्षण प्रश्न मनात घेऊन बसणारा हा माणूस. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर पडद्यावर एका ठिपक्यासारखा दिसतो आणि तो बोटाने उचलून हलवावा तसा हलवता येतो. आरंभी हे एकेका सुरावटीपुरतेच होते. एकत्र वाजलेले अनेक स्वर सुटे करणे अशक्य, असे या धंद्यातले जाणकारही मानीत. २००८ मध्ये नॉयबेकर यांनी तेही करून दाखवले आणि २००९ मध्ये ते लोकांच्या हाती दिले. त्यांच्या कंपनीला २०१२ मध्ये तांत्रिक कामाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीने गळा, ताल आणि वाद्ये वेगळी करणारे ‘स्प्लीटर’ फुकट खुले केले. तेव्हापासून हे साधन कोणाही होतकरू पोराच्या आवाक्यात आले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या समाजाचे लिहिलेले ग्रंथ नंतर आले, गाणे आधी आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांतल्या कितीतरी जणांना स्वतःची सही करता येत नव्हती. त्यांच्यापर्यंत विचार पोहोचला तो जलशातून, भजनी मंडळांतून, गायनपार्ट्यांतून. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गायले. मग टेपरेकॉर्डर आला, कॅसेट आली आणि गावातल्या साध्या माणसांचेही आवाज फितीवर उतरले. पवनी, लाखांदूर, साकोली, मोहाडीकडच्या अनेक घरांत आजही एखाद्या ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली अशी कॅसेट सापडेल. तिच्यावर कोणाची आई असते, कोणाचा आजा असतो, कोणाचे मंडळ १४ एप्रिलच्या रात्री गायलेले असते.

आमच्याही घरी अशी एक कॅसेट आहे. आत्याच्या लग्नाच्या वेळी मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरलेल्या आहेत. मागे जात्याची घरघर आहे, कोंबडा आहे, मध्येच कोणीतरी पाणी मागितलेले आहे. गावातल्या एका हुशार मुलाने, जो एकेकाळी माझा विद्यार्थी होता, मोठ्या आस्थेने मला विचारले, ‘सर, आजीचा आवाज स्वच्छ करून देऊ का? जातं काढून टाकतो, सूर बसवून देतो, खाली तबला घालतो. एकदम रेकॉर्डसारखं होईल.’ मुलाचा हेतू निर्मळ होता. परंतु त्याच्या एका वाक्यात तीन वेगवेगळी कामे होती आणि त्यांचे मोल सारखे नाही. खरखर काढणे हे एक काम. जाते काढणे हे दुसरे. सूर बसवणे हे तिसरे. या तीन कामांचा नैतिक विचार वेगवेगळा केला पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

मुळात आवाज सुटा करणे हेच चूक आहे काय? माझ्या मते नाही. वस्तूचे घटक वेगळे करून पाहणे ही तर आपल्या परंपरेची ओळखीची रीत आहे. संयुत्त निकायात वीणेचा एक दृष्टान्त आहे. एका राजाने आयुष्यात प्रथमच वीणा ऐकली. तो मोहून गेला आणि म्हणाला, हा आवाज माझ्याकडे घेऊन या. सेवकांनी वीणा आणली. राजा म्हणाला, मला वीणा नको, आवाज हवा. त्याला समजावले की आवाज कोणत्याही एका भागात नाही. भोपळा, दांडी, तारा, नखी आणि वाजवणाऱ्याचे परिश्रम एकत्र येतात तेव्हा तो उमटतो. राजाने ऐकले नाही. त्याने वीणेचे तुकडे केले, तुकड्यांच्या ढलप्या केल्या, त्या जाळल्या, राख वाऱ्यावर उडवली आणि वीणा ही फसवी वस्तू आहे असे म्हणून तो मोकळा झाला.

तथागतांनी हा दृष्टान्त ‘मी’ नावाची वस्तू कोठेच सापडत नाही हे सांगण्यासाठी दिला. परंतु त्यात दुसरेही एक शहाणपण आहे. तुकडे करून पाहण्यात दोष नव्हता. दोष होता तो तुकड्यांतच सगळा आवाज सापडेल या समजुतीत. आजीचा गळा जात्यापासून सुटा करून ऐकला तर पुसट झालेले शब्द कळतील, कोणत्या कडव्यात कोणाचे नाव घेतले आहे ते उमगेल. हा लाभ खरा आहे आणि तो अवश्य घ्यावा. परंतु सुटा केलेला गळा म्हणजेच आजीची खरी ओवी आणि जाते म्हणजे नुसता गोंगाट, असे मानू लागलो तर आपण त्या राजासारखे होऊ. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने ठरते. दाणे घालायला हात थांबतो तेव्हा गळाही थांबतो. जाते पुसले की उरलेले थांबे विनाकारण वाटू लागतात. मग ते थांबेही कापावेसे वाटतात. आणि शेवटी दळणारी बाई नाहीशी होऊन कोणीतरी गायिका उरते.

महाराष्ट्रात या कामाचे एक मोठे उदाहरण आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांनी त्यांतल्या अनेकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. त्या आज कोणालाही ऐकता येतात. हे आवाज कोणी गुळगुळीत केलेले नाहीत. शेतात राबून आलेल्या बाईचा दमलेला श्वास त्यांत आहे. तो श्वास काढून टाकला असता तर गाणे कदाचित गोड झाले असते. पण कष्टाची साक्ष गेली असती.

आता तिसरे काम, सूर बसवण्याचे. येथे प्रश्न अधिक खोल आहे. आजीचा सूर चुकला हे ठरवले कोणी? सॉफ्टवेअरच्या पडद्यावर आडव्या रेघा असतात. कारखान्यातून येताना त्या रेघा सप्तकाचे बारा समान भाग करून आखलेल्या असतात. ही पियानोची रीत. तंबोऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार, ‘सा’ २४० धरला तर, ३०० कंपनांवर येतो. बारा समान भागांतला गंधार ३०२ च्याही वर जातो. म्हणजे उत्तम गवयाने अगदी अचूक लावलेला गंधारसुद्धा हे यंत्र चुकीचा समजेल आणि वर ढकलील. दोष यंत्राचा नाही. मेलोडाइनमध्ये हव्या त्या सप्तकाच्या रेघा आखून घेण्याची सोय आहे. परंतु जो ती रेघ न बदलता कळ दाबतो, तो स्वतःच्या नकळत दुसऱ्या कोणाचा तरी नियम आजीच्या गळ्याला लावतो.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या साहाय्याने त्यांनी स्वर मोजले. ई. क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशांनी त्यांना साथ दिली आणि बावीस श्रुतींची खास पेटी बनवली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला; गवयांचे एकमत झाले नाही. पुढे १९४० मध्ये रेडिओने साधी पेटीच बंद केली. तिचे स्वर ठाम, तिच्यातून मींड निघत नाही, ती भारतीय गळ्याला बिघडवते, असे कारण दिले गेले. ही बंदी सैल व्हायला तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत गावोगावची भजने, जलसे, गायनपार्ट्या मात्र पेटीवरच चालल्या. म्हणजे एकाच वाद्याला एक जण सुरांची शत्रू म्हणत होता आणि दुसरा तिच्या आधारावर आपली चळवळ गात होता. योग्य स्वर कोणता, या प्रश्नाला कानाइतकेच अधिकाराचेही उत्तर असते, हे यावरून दिसते.

‘शुद्ध’ या शब्दाशी आपले नाते साधे नाही. संगीतात शुद्ध स्वर ही एक संज्ञा आहे, तिच्यावर माझा आक्षेप नाही. परंतु ज्यांच्या सावलीला, पाण्याला, स्पर्शाला अशुद्ध ठरवले गेले, त्यांच्या नातवांनी हा शब्द हाती घेताना थोडे थांबावे. मी शाळेत मराठी शिकवतो. परीक्षेसाठी प्रमाणभाषा शिकवावीच लागते आणि आपल्या मुलांना ती उत्तम आली पाहिजे. परंतु घरच्या झाडीबोलीतला शब्द ‘अशुद्ध’ म्हणून वहीत लाल शाईने खोडला, की मूल त्या शब्दाकडे नव्हे, तो शब्द बोलणाऱ्या आईकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. आवाजाचेही तसेच आहे. आजीचा सूर आपण घरात बसून, प्रेमाने, कोणी सांगितले नसताना दुरुस्त केला आणि नातवंडांना दुरुस्त केलेलाच ऐकवला, तर त्यांना काय शिकवले? हेच, की आजी जशी होती तशी ऐकण्याजोगी नव्हती.

येथे दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा : मग सुधारणा करूच नये काय? आपण शिकलो, कपडे बदलले, घरे बदलली. गाणे तेवढे जुन्या खरखरीत ठेवायचे ही कोणती प्रगती? याचे उत्तर सोपे आहे. सुधारणा जिवंत माणसाने स्वतःची करायची असते. आजचा तरुण गायक रियाज करील, तालमीला बसेल, चांगल्या स्टुडिओत गाईल, ही त्याची प्रगती. आजीची ओवी ही आजची निर्मिती नाही. तो पुरावा आहे. पुराव्याची प्रगती करायची नसते. तो जपायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक न्यायाचा आहे : हे सॉफ्टवेअर गरिबाच्या बाजूचे आहे. ज्याच्याजवळ स्टुडिओला द्यायला पैसे नाहीत, दहा वेळा गाऊन उत्तम तेवढे निवडण्याची ऐपत नाही, त्याचा एखादा घसरलेला सूर सावरून घेतला तर काय बिघडले? मोठमोठ्या गायकांचे तर रोजच सावरले जातात. हे खरे आहे आणि मी ते मान्य करतो. स्वतःच्या आवाजावर, स्वतःच्या इच्छेने केलेले हे काम मला पाप वाटत नाही. मात्र त्यालाही एक मर्यादा आहे. चोहीकडे सावरलेलेच गळे ऐकून वाढलेले मूल स्वतःचा निसर्गदत्त गळा ऐकून खट्टू होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘सर, माझा आवाज गाण्यातल्यासारखा नाही’ म्हणून मागे सरणारी मुले मी पाहतो. त्यांना सांगावे लागते की बाळा, गाण्यातला आवाजही गाण्यातल्यासारखा नव्हता. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. तेथे रात्रभर नट समोर उभा राहून गातो, सूर कधी लागतो, कधी निसटतो, आणि प्रेक्षक दाद देतात. असे समोरचे गाणे मुलांना ऐकवत राहिले पाहिजे, म्हणजे माणसाच्या गळ्याचे खरे माप त्यांच्या कानात राहील.

आता सत्याचा प्रश्न. खोटे न बोलणे हे आपल्या पंचशीलातले एक शील आहे आणि ते तोंडापुरते नाही. मी वर म्हटले की सुटा केलेला स्वर हा अंदाज असतो. अंदाज वापरणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. अंदाज हीच मूळ वस्तू आहे असे भासवणे म्हणजे खोटे बोलणे. हा भेद आपल्या जिल्ह्यात समजावून सांगायला दूर जावे लागत नाही. पवनी येथे १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन स्तूप सापडला. त्याच्या कठड्याचे दगड भंगलेले होते. काहींवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. आता समजा, कोणी भाविकाने श्रद्धेपोटी तुटलेला दगड नव्या दगडाने पूर्ण केला, पुसट अक्षरे आपल्या तर्काने खोल कोरली आणि जुने-नवे ओळखू येणार नाही असे घासून टाकले. त्याचा हेतू चांगला; पण पुढच्या अभ्यासकाने कोणत्या अक्षरावर विश्वास ठेवावा? म्हणूनच १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी नियम घातला गेला की, भर घालावी लागली तर ती शोभेल अशी घालावी, परंतु मूळ भागापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. दगडाला लावलेला हा नियम आवाजालाही लावता येईल.

लावणारे लावतातही. बीटल्स या इंग्रज मंडळाच्या जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गायलेले एक गाणे कॅसेटवर होते. १९८० मध्ये त्यांची हत्या झाली. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ते पूर्ण करून पाहिले. पियानोच्या आवाजात गळा बुडालेला असल्याने सोडून दिले. नव्या सॉफ्टवेअरने गळा सुटा झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ते गाणे प्रसिद्ध झाले. गळा कसा सुटा केला हे त्यांनी उघड सांगितले. आपल्या देशात ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज संगणकाने पुन्हा घडवले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी जाहीर केले. या कृती कोणाला आवडोत वा न आवडोत. त्यांत लपवाछपवी नाही, एवढे तरी म्हणता येते.

सर्वांत गंभीर गोष्ट शेवटी सांगतो. हे सॉफ्टवेअर गाण्याइतकेच बोलण्यावरही चालते. बोलण्यातही स्वर असतो. ‘तुम्ही येणार’ हे वाक्य शेवटी खाली उतरले तर विधान होते, वर चढले तर प्रश्न होतो. शब्द एकही न बदलता, केवळ शेवटचा स्वर उचलून, ठाम विधानाची शंका करता येते, शंकेची आज्ञा करता येते. मधला एखादा थांबा काढला तर दोन विचारांचा एक विचार होतो. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. त्या काळात त्यांना प्रत्यक्ष ऐकणारी पिढी आता जवळजवळ संपली आहे. आपल्या मुलांसाठी बाबासाहेबांचा आवाज म्हणजे बीबीसीने १९५५ मध्ये घेतलेल्या मुलाखतीसारखी मोजकी ध्वनिमुद्रणे. त्या आवाजात एक स्वर जरी कोणी हलवला, तरी तो ओळखणारा कान आता गावात नाही. आणि हलवणारा शत्रूच असेल असे नाही. उत्साही अनुयायीही असेल. भाषण अधिक जोशपूर्ण व्हावे म्हणून आवाज चढवील, खाली संगीत भरील, न म्हटलेले वाक्य त्यांच्या गळ्यात घालील. म्हणून ऐकले म्हणून खरे मानू नका, हा कालामांना दिलेला उपदेश आज शब्दशः कानाला लागू झाला आहे. मोबाईलवर आलेला आवाज पुढे पाठवण्यापूर्वी, हे कोठे, कधी, कोणत्या निमित्ताने बोलले गेले, हे विचारा. उत्तर नसेल तर पाठवू नका.

तर मग आपण काय करावे? मी माझ्या घरासाठी जे ठरवले ते आपल्यापुढे ठेवतो. आपण तपासून पाहा. पटले तर घ्या.

एक, कॅसेटची फीत कायम टिकत नाही. ती चिकटते, तुटते, तिच्यावरचा आवाज झिजतो. म्हणून प्रथम ती आहे तशी, कोंबड्यासह, जात्यासह, संगणकावर उतरवून घ्यावी. या प्रतीला कोणी कधीही हात लावू नये.

दोन, शब्द कळण्यासाठी दुसरी प्रत करावी. तिच्यातली यंत्राची खरखर काढावी, गळा सुटा करावा, ओव्या कागदावर उतरवून घ्याव्या. खरखर टेपची होती, आजीची नव्हती. ती काढण्यात आजीचे काही जात नाही.

तीन, गळ्याचा सूर, थांबा, शब्द, त्यांचा क्रम यांना धक्का लावू नये. नव्या वाद्यांसह नवे गाणे करायचेच असेल तर नव्या गळ्याने गावे आणि ही ओवी आजीची म्हणून तिचे नाव आधी घ्यावे.

चार, माणूस हयात असेल तर त्याला विचारल्यावाचून त्याच्या आवाजात बदल करू नये. तो नसेल तर घरच्या सर्वांना विचारावे. घरातला एक शिकला म्हणून त्याला एकट्याला हा अधिकार मिळत नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. परंतु आजीच्या आवाजावर माझ्याइतकाच माझ्या न शिकलेल्या काकूचाही हक्क आहे.

पाच, जे केले ते लिहून ठेवावे. ‘खरखर काढली, बाकी मूळ’ किंवा ‘सूर बदलला आहे’ एवढी एक ओळ पुरे. ती ओळ लिहायला लाज वाटत असेल, तर ते काम करू नये.

त्या मुलाला मी हेच सांगितले. त्याने दोन प्रती करून दिल्या. स्वच्छ प्रतीत एक ओवी प्रथमच स्पष्ट ऐकू आली; आजीने तिच्यात माझ्या आत्याला उद्देशून मुलींना शाळेत घालण्याचे सांगितले आहे. इतकी वर्षे ते शब्द जात्याखाली दबलेले होते. या सॉफ्टवेअरचे उपकार मानावेत ते अशा कामासाठी.

वाचकहो, आपल्या आधीच्या पिढ्यांचा आवाज फार थोडा उरला आहे. सरकारी दप्तरांत त्यांची नोंद दुसऱ्यांनी केली, पुस्तकांत त्यांच्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले. ही कॅसेटवरची चार कडवी मात्र त्यांनी स्वतः गायली आहेत. ज्यांच्या घरी अशी फीत असेल त्यांनी ती या पंधरवड्यातच बाहेर काढावी, बुरशी पुसावी आणि जाणत्या मुलाकडून तिची प्रत करून घ्यावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ती ऐकावी आणि कोण गात आहे, कोणत्या साली, कोणाच्या ओसरीवर, हे वहीत लिहून ठेवावे.